कोरड्या डोळ्यांची नोंद

शुक्रवार, सात मार्च. ईस्टरआधीच्या उपासकाळातला पहिला शुक्रवार. चर्चच्या महिला मंडळाची घरगुती प्रार्थनासभा, दुपारी तीन वाजता, अध्यक्षबाईंच्या घरी, जुना जालना. हजर: अध्यक्षबाई, त्यांची मुलगी (आतल्या खोलीत, पलंगावर), पाळकसाहेबांच्या पत्नी पाळकीणबाई, निवृत्त नर्सबाई, वडीगोद्रीहून आलेली मावशी आणि तिची सून, शिलाईकाम करणाऱ्या दोघी जावा, आणि मी, सचिव. एकूण नऊ. गैरहजर चार, त्यातल्या दोघींनी कळवलं होतं.

मंडळाच्या वहीत आहे तसंच हे उतरवलं आहे. वहीत नाही ते एवढंच, की त्या घरी मी सूड घ्यायला गेले होते आणि त्यासाठी लागणारा कागद माझ्या पर्समध्ये होता.

मी यादी करणारी बाई आहे. एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं बी उगवतं की नाही ते तपासते. ओला कागद, त्यावर शंभर दाणे, कागदाची गुंडाळी, सात दिवस थांबायचं, मग उलगडून मोजायचं. चांगले कोंब, वाकडे कोंब, मेलेले दाणे. तीन रकाने. मेलेला दाणा कुणाच्या चुकीने मेला, असा रकाना आमच्याकडे नाही.

मंडळातही लिहिण्याचं काम माझ्याकडेच आलं. दर शुक्रवारी एकीच्या घरी जमायचं. जिची नवी विनंती असेल तिने ती सांगायची, मी वहीत लिहायची, मग एकेक मोठ्याने वाचायची आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. तारीख, नाव, विनंती, उत्तर. उत्तर मिळालं की लाल पेनाने खूण. वहीत आलं नाही ते वाचलं जात नाही आणि वाचलं नाही ते मागितलं जात नाही, असा आमचा शिरस्ता. देवाला वहीची गरज नसावी. बायकांना आहे.

आमच्याकडे प्रार्थना म्हटली की रडणं आलंच. गुडघ्यांवर बसायचं, पदर डोक्यावर, आणि पाच मिनिटांत हुंदके. मी याची टिंगल करत नाही. आठवडाभर घरात जिला तोंड उघडता येत नाही ती शुक्रवारी तासभर मोकळी होते. जाताना तिची पाठ सरळ झालेली असते, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. मला स्वतःला ते कधी जमलं नाही. आई गेली तेव्हाही नाही. मी डोळे मिटते आणि मनात यादी म्हणते. नर्सबाई माझ्या शेजारी बसतात. थोरल्या जावेचा सूर चढला की त्या माझ्या कानाशी येतात. "आपल्या नळाला आठ दिवसांनी पाणी, आन हिच्या डोळ्याला रोज. टाकीच हिच्या घरी बांधायला पायजे."

दोन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. तिसऱ्या आठवड्यात मंडळाची सभा आमच्या घरी ठेवली. पलंग बैठकीत आणलेला, म्हणून ते मधोमध आणि बायका भोवती. तासभर सगळ्या रडल्या. मी यजमानांच्या उशाशी उभी होते, त्यांची लाळ पुसायला रुमाल घेऊन. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी हात वर केला. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. त्यांनी हात वर केला की अजूनही वर्ग गप्प होतो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "कुणाला लागलं तर माफ करा, पण मला आत्म्यात दिसून राह्यलंय. या घरात एकाच्या डोळ्याला पाणी न्हाई. मन फुटलेलं न्हाई. तिथंच अडलंय हे."

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

"सचिवबाई, लिही," त्या मला म्हणाल्या. "वहीत बराबर लिहून ठेव. पुढच्या शुक्रवारी हेच मागू."

आणि मी लिहिलं. हात सवयीने चालला. माझ्याच अक्षरात, निळ्या पेनाने: 'घरातील एका व्यक्तीच्या डोळ्यांत अश्रू नाहीत, त्यामुळे आरोग्य अडले आहे. त्या व्यक्तीचे मन भग्न व्हावे.' विनंती क्रमांक एकेचाळीस. शेवटी पूर्णविरामसुद्धा दिला.

बायकांसमोर अपमान झाला हे मी गिळलं असतं. पण ते यजमानांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जवळ बसले की ते डावा हात उचलायचे आणि माझ्या डोळ्याखाली बोट लावून बघायचे. हळूच, तवा तापला का बघतात तसं. बोट कोरडं निघालं की हात खाली. बोलता येत नव्हतं म्हणून काही म्हणाले नाहीत. आठ दिवस मी हे सोसलं. नवव्या दिवशी मोरीत जाऊन डोळ्यांखाली पाणी लावलं आणि त्यांच्यापाशी बसले. बोट ओलं झालं. त्यांनी ते आपल्या ओठाला लावलं. चव बघितली. मग तोंड भिंतीकडे वळवलं.

दहाव्या दिवशी मी पाण्यात मीठ घातलं.

त्यांनी बोट लावलं, चाखलं, आणि त्यांचं अर्धं तोंड हसलं. त्यांना फसवता आलं की त्यांना सगळं कळलं, हे मला आजही ठरवता येत नाही. पुन्हा त्यांनी कधी बोट लावलं नाही. पुढे चार महिने जगले. आपण बरे होत नाही ते बायकोच्या डोळ्यांमुळे, असं मनात धरून ते गेले की तसं न धरता, हे विचारायला आता कुणी नाही. क्रमांक एकेचाळीसच्या पुढे 'उत्तर' या रकान्यात अध्यक्षबाईंनी 'प्रभूची इच्छा' लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. तो रकाना तेव्हापासून मोकळा आहे.

यजमानांना माती देऊन महिना झाला असेल. डोळ्यांत रेती गेल्यासारखं व्हायला लागलं, भिंगाखाली दाणे दिसेनात, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी होती. तिने खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली, दोन्ही डोळ्यांना एकेक, आणि पाच मिनिटं घड्याळ लावलं. मग पट्टी काढून मोजलं. एक चार मिलिमीटर ओली झाली होती, दुसरी तीन.

"काकू, दहाच्या वर यायला पाहिजे," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांत पाणीच तयार होत नाही. कधीपासून आहे हे?"

"मला वाटलं माझा स्वभाव आहे," मी म्हणाले.

ती हसली. तिला तो विनोद वाटला. तिने कागदावर आकडे लिहिले, खाली आजाराचं नाव, सही, शिक्का. दिवसातून चार वेळा घालायचे थेंब दिले. शास्त्रात एक स्तोत्रकर्ता आहे, तो म्हणतो की देव त्याची आसवं बुधलीत साठवतो. माझं उलटं झालं. मी बुधलीतून काढून डोळ्यांत घालते.

त्याच कागदाच्या मी तीन प्रती काढल्या. एक कपाटात, एक वहीत एकेचाळीस नंबरच्या पानाशी, एक पर्समध्ये. आणि वाट बघायला लागले.

कोणी म्हणेल, तेव्हाच जाऊन का दाखवला नाही. दाखवला असता तर त्या 'माफ कर' म्हणाल्या असत्या, चहा झाला असता, विषय मिटला असता. मला तो मिटवायचा नव्हता. माझ्या घरी, माझ्या माणसासमोर जे झालं ते त्यांच्या घरी, त्यांच्या माणसासमोर व्हायला हवं होतं. वही उघडायची, एकेचाळीस नंबर मोठ्याने वाचायचा, मग कागद. वाट मला बघता येते. सात दिवसांची गुंडाळी मी सहाव्या दिवशी उघडत नाही.

तोवर बारीकसारीक चालू ठेवलं. बाईंची विनंती मी नेहमी पानाच्या तळाशी लिहायचे. तळाची विनंती येते तेव्हा आत कपबशा वाजायला लागतात, आणि बायकांची 'आमेन' चहाकडे धावते. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, नर्सबाई सोडून. त्या एकदा म्हणाल्या, "तू लई हुशार हायेस गं. आन लई वाईट." मी म्हटलं, दोन्ही बराबर. घरी मी ती आसवांची ओळ सोडून पुढचं पान उलटायचे. तिथून जवळच तोच देवभक्त आपल्या वैऱ्यांचे दात पाडायला देवाला सांगतो. ते स्तोत्र मी प्रार्थना म्हणून वाचलं, आणि मनापासून वाचलं. पाळकसाहेब त्यावर कधी संदेश देत नाहीत.

मग गेल्या दिवाळीनंतर बाईंची मुलगी वाटूरहून माहेरी आली. सासरी नांदती, शाळेत नोकरी करणारी, चौतीस वर्षांची. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि त्या अशक्तपणात वाटूरहून येणं-जाणं होईना. नवरा शनिवारी येऊन रविवारी परततो. कुठली सभा कुणाच्या घरी, ही यादी मीच लावते. उपासकाळाचा पहिला शुक्रवार मी बाईंच्या घरी टाकला.

रिक्षा गल्लीत शिरत नाही. धान्याच्या दुकानांपाशी उतरले, पोत्यांच्या कडेकडेने चालत गेले. दार उघडायला बाईच आल्या आणि मी क्षणभर ओळखलं नाही. गालफडं आत गेलेली, ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता.

"ये," त्या म्हणाल्या. "वेळेवर आलीस. तू कायम वेळेवर येतीस."

सगळ्या जमल्या. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं, म्हणजे मुलीला ऐकू जावं. पलंगाचा पायाकडचा भाग मला दिसत होता. मला हवं होतं तसंच सगळं जमून आलं होतं. मी वही मांडीवर घेतली, पर्स वहीवर ठेवली. गीत झालं. बायकांनी डोळे मिटले, थोरल्या जावेने सुरुवात केली, मागोमाग मावशी. मी डोळे उघडे ठेवून बाईंकडे बघत होते. त्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, डोळे सताड उघडे. पूर्वी सगळ्यांत आधी त्यांचा आवाज फुटायचा. आज सगळ्या रडत होत्या आणि ज्यांच्या मुलीसाठी रडत होत्या त्या नुसत्या बघत होत्या. शेतात उभ्या केलेल्या खांबासारख्या.

मी पर्सची चेन उघडली.

तेव्हा बाईंनी हात वर केला. सगळ्या गप्प झाल्या.

"सचिवबाई, लिही," त्या म्हणाल्या. "माझी विनंती. माझ्या डोळ्याला पाणी न्हाई. हिची तब्येत बिघडली तेव्हापासून न्हाई. एक थेंब न्हाई. मी आतून दगड झालेय, आन म्हणून माझी लेक बरी होत न्हाई. प्रभूनं मला आधी फोडावं. लिही बराबर, माझं नाव टाकून लिही. मी तुझ्या घरी नाव टाकलं नव्हतं."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं.

पाळकीणबाई म्हणाल्या, "बाई, असं नसतंय ओ."

"असतंय," बाई म्हणाल्या. "मी शिकवलंय, मला म्हायती आहे."

मी पेन उघडलं. दोन वर्षं घासून तयार केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि ते त्यांनीच स्वतःच्या छातीत खुपसून घेतलं होतं. मला खूप राग आला. त्या खोट्या असाव्यात, असं मी धरून चालले होते. दुसऱ्याला एक नियम आणि आपल्याला दुसरा, अशी बाई मला हवी होती. ही तर स्वतःचा नियम स्वतःवर लावून सुकत चालली होती. अशा माणसाचं काय करायचं हे माझ्या यादीत नव्हतं.

मग दुसरा विचार आला, आणि तो मी लपवत नाही. काही करायचंच नाही. कागद पर्समध्ये राहू द्यायचा. त्यांना जे वाटतंय ते वाटू द्यायचं. माझा माणूस चार महिने त्यात जळला, आता यांनी जळावं. मी चेन लावली आणि लिहिलं. विनंती क्रमांक एकशे अठरा. नाव टाकलं. त्यांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द. शेवटी पूर्णविराम दिला. आणि या वेळी पानाच्या वरच्या ओळीत लिहिलं, म्हणजे सगळ्यांनी नीट ऐकावं.

चहाच्या वेळी आतून मुलीने हाक मारली. "काकू, जरा येता का?"

तिच्या हाताला पट्टी होती, सुई टोचायच्या जागी. उशाशी स्टीलच्या वाटीत दिवसाचं पाणी मोजून ठेवलेलं, कारण तिला पाणीही मापानेच प्यायचं असतं.

"बसा ना. आईनं किती दिवसांपासून जेवण सोडलंय, म्हायती आहे का तुम्हाला?"

"उपासकाळ तर परवा सुरू झाला."

"तिचा नाताळापासून चालू आहे. एक वेळ पेज, बास. डोळ्याला पाणी येईपर्यंत म्हणती." तिने दाराकडे बघून आवाज उतरवला. "माझ्यासाठी ती किडनी द्यायला निघालीय, काकू. जुळली पण. पण डॉक्टर म्हणाले, यांच्याच अंगात रक्त न्हाई, वजन उतरलंय, अशा अवस्थेत आम्ही हात लावणार न्हाई. नीट खाऊ घाला, एप्रिलअखेर आणा, पुन्हा तपासू. आन ही खातच न्हाई. म्हणती आधी मन फुटू दे, मंग ऑपरेशन."

मी तिची उशी सरळ केली.

"खरंच असतं का ओ असं? रडल्याशिवाय बरं होत न्हाई?"

"तुला आठवतंय, प्रभू मित्राच्या थडग्यापाशी रडला होता?"

"हो."

"तो रडला म्हणून मित्र उठला का?"

तिने विचार केला. शिक्षिका आहे, प्रश्नाला नीट उत्तर देते. "न्हाई. हाक मारली म्हणून उठला."

"मंग झालं. आन उठवायचं आधीच ठरलं होतं, तरी रडला. कारण वाईट वाटलं. रडण्याचं तेवढंच काम असतंय. ते औषध न्हाई आन फी पण न्हाई."

हे मी दोन वर्षं बाईंच्या तोंडावर मारायला तयार केलं होतं. इतक्या शांतपणे बाहेर येईल असं वाटलं नव्हतं. मुलीने माझा हात धरला.

"हेच आईला सांगा ना. पाळकसाहेबांचं ऐकत न्हाई, माझं ऐकत न्हाई. तुमचं ऐकंल. तुमच्या घरी ती काय बोलून आल्ती ते मला म्हायती आहे. तिला पण म्हायती आहे. तुम्हीच म्हणालात, बाई, त्यात काही न्हवतं, तर ती जेवंल."

त्यात काही नव्हतं. हे मी म्हणायचं. ज्याच्यात माझं सगळं होतं.

"बघते," मी म्हणाले.

बाहेर येऊन मी चप्पल घातली. बाई दारापर्यंत आल्या. "लिहिलंस ना बराबर?"

"बराबर लिहिलं."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "तुझ्या वहीतलं राहत न्हाई."

परत येताना नर्सबाई रिक्षात शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "पर्स उघडलीस आन तशीच बंद केलीस. काय हाये त्यात?" मी म्हटलं, डोळ्यात घालायचे थेंब. खोटं नव्हतं, तेही होते.

त्यानंतर दोन शुक्रवार झाले. दोन्ही वेळा एकशे अठरा नंबर वाचला गेला आणि सगळ्या त्यासाठी रडल्या. बाई आल्या नाहीत, चालवत नाही म्हणून कळवलं. मी गैरहजर लिहिलं. मला वाटलं होतं, त्यांचं नाव त्या रकान्यात लिहिताना बरं वाटेल. पहिल्या शुक्रवारी वाटलंही, घरी पोचेपर्यंत. दुसऱ्या शुक्रवारी वाचता वाचता बाईंच्या घरच्या त्या पलंगाचा पायाकडचा भाग माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि तो आमच्या घरचा पलंग होता.

यजमानांच्या डाव्या हाताचं बोट मी अजून कुणाला माफ केलेलं नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. मी बाईंवर अजून रागावलेली आहे, आणि कागद दाखवला तरी रागावलेलीच राहणार आहे. पण खाल्लेलं अंगी लागायला आठवडे लागतात, हे मला न कळण्यासारखं नाही. तपासणी एप्रिलअखेर. आज बुधवार, सव्वीस मार्च. वायद्यातले जवळपास तीन आठवडे मी घालवले आहेत, आणि ते माझे नव्हते.

गेल्या शनिवारी कामावरून निघून जुन्या जालन्याला गेले होते. धान्याच्या दुकानांपाशी उतरले. अर्धा किलो खजूर-शेंगदाण्याचे लाडू घेतले, रक्त वाढायला. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. तिथून बाईंचं दार दिसतं. वरच्या खिडकीत वाळत घातलेली चादर होती. लाडू मी घरी परत आणले. ते संपवायला चार दिवस लागले, शेवटचा आज सकाळी खाल्ला.

या आठवड्याची यादी समोर आहे. कापसाच्या नव्या गुंडाळ्या लावणे, झालं. गॅसचा नंबर लावणे, झालं. डोळ्यांचे थेंब संपत आले, आणणे, झालं. एप्रिलच्या सभांची घरं ठरवून पाळकीणबाईंना देणे, झालं. पाचवी ओळ मागच्या यादीतून उतरवली आहे, त्या यादीत ती तिच्या मागच्या यादीतून आली होती: बाईंकडे जाऊन कागद दाखवणे, आणि जेवायला बसवणे. तिच्यापुढे खूण नाही.